लुळ्या पायांतील वीज

दिल्लीच्या दक्षिण भागात, वसंत कुंज येथे, इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर हे रुग्णालय आहे. त्याचे संस्थापक मेजर अहलुवालिया मे १९६५ मध्ये एव्हरेस्टच्या शिखरावर उभे राहिले होते. त्याच वर्षी काश्मीरमध्ये त्यांना गोळी लागली, मज्जारज्जूस इजा झाली, आणि २०२२ मध्ये निधन होईपर्यंतचे आयुष्य त्यांनी चाकांच्या खुर्चीत काढले. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे उपचार घेताना जे पाहिले, त्यातून आपल्या देशात असे रुग्णालय उभारण्याचा ध्यास त्यांनी घेतला.

अशा रुग्णालयाच्या दारी येणाऱ्या कुटुंबाच्या ओठी पहिला प्रश्न हाच असतो : "हा पुन्हा चालेल ना?" विजेच्या यंत्राने लुळे पाय चालू लागतात, असे कुणीतरी ऐकूनही आलेला असतो. ही वार्ता खोटी नव्हे. परंतु ती अर्धी आहे, आणि अर्ध्या वार्तेवर विसंबून माणसे दागिने मोडतात.

दूरध्वनीची तार वाटेत तुटली, तरी पलीकडच्या घरातील यंत्र शाबूत असते. छातीच्या पातळीवर मज्जारज्जू दुखावला, म्हणजे मेंदूची आज्ञा पायांपर्यंत पोहोचत नाही. पण पायांचे मज्जातंतू व स्नायू बहुधा जिवंत राहतात. त्वचेवर पट्ट्या चिकटवून विजेचे सूक्ष्म ठोके, सेकंदाला साधारण वीस ते पन्नास, दिले की तो स्नायू आकुंचन पावतो. बेडकाच्या तंगड्यांवर गॅल्व्हानीने अठराव्या शतकात पाहिलेला चमत्कार तो हाच.

युगोस्लाव्हियातील ल्युब्लियाना येथे १९८०च्या दशकात क्राल्य व बाय्द यांनी या ठोक्यांची जी मांडणी केली, ती मला मोठी चतुर वाटते. दोन्ही मांड्यांच्या पुढच्या स्नायूंना वीज दिली की गुडघे ताठ होऊन मनुष्य उभा राहतो. मग एका मांडीची वीज थांबवून त्याच पायाच्या गुडघ्याजवळील मज्जातंतूला ठोका द्यायचा. काटा टोचताच पाय आखडावा, तसा तो पाय आपोआप उचलला जातो. कळ रुग्णाच्याच हाती, चालण्याच्या चौकटीवर असते. पाऊल पडते खरे; पण तोल सावरायचा तो हातांनीच.

आता उरलेली अर्धी वार्ता. निसर्ग आधी चिवट, न थकणारे स्नायुतंतू कामाला लावतो. बाहेरून दिलेली वीज लवकर थकणाऱ्या तंतूंनाही आरंभापासूनच राबविते. त्यामुळे काही मिनिटांतच पाय गळतात, आणि घरातून बाजारापर्यंत जाण्यास चाकांची खुर्चीच सोयीची ठरते. ज्याची इजा पाठीच्या अगदी तळाशी असून पायांकडे जाणारे मज्जातंतूच नष्ट झाले, त्याच्या पायांत हे ठोके कामच करीत नाहीत. उलट, इजा अपुरी असून केवळ पाऊल लोंबत असेल, तर त्याच विजेचा रोजच्या चालण्यात खरा उपयोग होतो. ज्यांना पूर्ण इजा आहे, त्यांनाही व्यायाम म्हणून ती लाभदायक आहे : स्नायूंचा भरीवपणा टिकतो, रक्ताभिसरण सुधारते.

यंत्र विकत घेण्यापूर्वी, म्हणून, तज्ज्ञाकडून दोन गोष्टी तपासून घ्याव्यात : स्नायू विजेला प्रतिसाद देतात काय, आणि दीर्घकाळ भार न पडल्याने हाडे ठिसूळ झाली आहेत काय. संवेदना हरपलेल्या त्वचेला पट्टीखालचा चटका कळत नाही. तेव्हा प्रत्येक वेळी पट्टी काढल्यावर ती जागा घरच्या कुणीतरी डोळ्यांनी पाहावी.