ओबडधोबड वहाणांचे कौतुक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी आरोग्यावर बोलते, कोणी मुलांच्या संगोपनावर. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले आणि विषय आवडीचा घ्या म्हणाल्या. मी सातवीपर्यंत शिकलेली. ग्रंथांवर बोलणे मला झेपायचे नाही. म्हणून जिच्यावर दिवसभर उभी असते त्या वहाणेवरच बोलते. त्यातही दिसायला बेढब, ओबडधोबड अशी जी वहाण असते, ती अलीकडे बड्या लोकांना एवढी का आवडू लागली, याचा मला लागला तसा अर्थ सांगते.

आपल्या मुलुंडला पावसाळ्याच्या तोंडाशी फुटपाथवर भोकाभोकांचे रबरी जोडे ढिगाने येतात. मुले त्यांना क्रॉक्स म्हणतात. पुढून बेडकाच्या तोंडासारखे फुगलेले. हे जोडे अमेरिकेत २००२ साली निघाले ते होडीवर वापरण्यासाठी. पाणी भोकांतून निघून जावे आणि पाय घसरू नये, एवढाच हेतू. मग तासन् तास उभे राहणाऱ्या परिचारिकांनी आणि आचाऱ्यांनी ते घातले. चारचौघांनी मात्र यथेच्छ थट्टा केली. आणि २०१७ साली पॅरिसला बालेन्सियागा नावाच्या बड्या पेढीने त्याच जोड्याला चार इंचांचा तळ लावून तो मिरवणुकीत आणला, आणि आठशे डॉलरच्या वर किंमत लावली. लोकांनी घेतलाही!

जपानात गवंडी आणि मजूर अंगठा वेगळा काढलेला कापडी बूट घालतात. पाय चांगला रोवता येतो म्हणून. मार्जेला नावाच्या बेल्जियमच्या कारागिराने १९८८ साली त्यावरून बायकांचा बूट केला. माझ्या लेकीने त्याचे चित्र मोबाइलवर दाखविले तेव्हा मला शेळीच्या खुराची आठवण झाली. तोही आजतागायत विकला जातो.

यात एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. जी वहाण कुरूप म्हणून हिणवली गेली, ती बहुधा कष्ट करणाऱ्या पायासाठी झालेली असते. मग ज्यांना कष्ट नाहीत त्यांना तिचे वेड का लागावे? मला वाटते ते असे. नाजूक, चकचकीत वहाण आता कोणालाही मिळते. आज मोठ्या दुकानात दिसली की महिन्याभरात तिची नक्कल स्टेशनबाहेर येते. तेव्हा श्रीमंताला वेगळे दिसायचे तर असे काही घालायला हवे, जे घालण्याची इतरांना लाज वाटते. मी लग्नाला रबरी जोडे घालून गेले तर लोक म्हणतील, बिचारीकडे दुसरे नाही वाटते. बंगल्यातली बाई तेच घालून आली तर म्हणतील, काय तिची रुची! म्हणजे जोडा एकच. ज्याला हसण्याचे भय नाही त्याच्या पायात तो शोभतो.

इटलीतील प्राडा ही पेढी तर यातली जुनी जाणती. तिच्या मालकीणबाईंनी १९९६ सालच्या उन्हाळ्यासाठी जुन्या पडद्यांसारख्या नक्ष्या, शेवाळी आणि तपकिरी रंग आणि जाडजूड बूट आणले. कुरूपातच ऐट आहे, असा त्याचा बोलबाला झाला. त्याच प्राडाने २२ जून २०२५ रोजी मिलान शहरात पुरुषांच्या पायांत जी वहाण घालून दाखविली, ती पाहून आपल्या महाराष्ट्रात खळबळ उडाली. अंगठा, मधला पट्टा, चपटा तळ. ती कोल्हापुरीच होती हे सांगायला पंडित नको. त्यांच्या कागदावर मात्र नुसते चामड्याची चप्पल असे लिहिले होते. कोल्हापूरचे नाव नाही, भारताचेही नाही. आणि किंमत लाखाच्या वर असल्याचे वर्तमानपत्रांत आले.

माझे माहेर कागल तालुक्यातले. तिथे या वहाणेला पायताण म्हणतात. तालुक्यातल्या कापशी गावावरून तर एका जातीच्या चपलेला कापशी हे नावच पडले आहे. लग्नानंतर मी इकडे आले तरी पायताण सोडले नाही. लेक म्हणायची, "आई, हळदीकुंकवाला तरी हे गावठी घालू नकोस गं." जुलैमध्ये तीच विचारू लागली, "आई, तुझा नंबर किती?" मी हसले आणि कपाटाला कुलूप लावले.

थट्टा पुरे. ही चप्पल होते कशी, ते ऐका. कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे. मग ते पिशवीसारखे शिवून टांगायचे आणि आत बाभळीची साल आणि हिरडा यांचे पाणी भरायचे. यात कित्येक दिवस जातात. वासाने नवख्या माणसाला उभे राहवत नाही. तळाला म्हशीचे जाड कातडे, वेणीला बकऱ्याचे मऊ. अस्सल चपलेत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीने शिवण घालतात. आणि ती बारीक वेणी बहुतेक घरांतून बायका घालतात, चूल आणि मूल सांभाळून. बाजारात नाव दुकानाचे होते, वेणी घालणारीला कोणी विचारत नाही.

ज्यांनी हे पायताण शिवले त्यांना एके काळी ते पायात घालून वाड्यावरून जाता येत नव्हते. हातात घेऊन जावे लागे. माझी आजी हे सांगताना आवाज खाली आणी. ती स्वतः जन्मभर अनवाणीच राहिली. वहाणेवरची म्हण तर तुम्हां सर्वांना ठाऊक आहे, आणि ती आपल्यालाच अधिक ऐकावी लागली आहे.

काहीजणी म्हणतील, नक्कल केली तर बिघडले कुठे? उलट नाव झाले. मलाही नकलेचा राग नाही. आपल्या मंडळात एकीची पाककृती दुसरी उचलतेच. पण उचलताना आपण म्हणतो की ही भाजी अमक्या वहिनींची. एवढे म्हटले की त्या वहिनी खूष आणि भाजी सर्वांची. मिलानला तेवढेच राहिले होते. आपल्या सरकारने २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक चिन्ह दिले आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे त्यात येतात. सीमेवरून आपण भांडतो, पण चप्पल दोन्हीकडची आहे, हे मला फार आवडले.

गवगवा झाला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले, तेव्हा प्राडाने उत्तरी कबूल केले की प्रेरणा भारतीय कारागिरीची. जुलैमध्ये त्यांची माणसे कोल्हापुरात येऊन काम पाहून गेली. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २००० जोड इथल्याच कारागिरांकडून करवून घ्यायचे आणि फेब्रुवारी २०२६ पासून जगभरच्या ४० दुकानांत सुमारे ८०० युरोला विकायचे, असे जाहीर झाले. म्हणजे ऐंशी हजारांच्या वर. त्यातले वेणी घालणारीच्या हातात किती पडणार, हा माझा प्रश्न आहे. नाव देणे सोपे, वाटा देणे अवघड. हजाराच्या चपलेसाठी दुकानात अर्धा तास घासाघीस करून वर प्राडाला नावे ठेवणाऱ्या बायाही मी पाहिल्या आहेत. त्यांची नावे सांगत नाही!

कारागिरांची मुले आता या कामात राहायला मागत नाहीत. वास, पाठदुखी, आणि लोकांच्या नजरा. त्यांना मी दोष देणार नाही. मिलानच्या दिव्यांखाली ही चप्पल देखणी ठरली म्हणून त्या घरातल्या मुलीला शाळेत कोणी हिणवणे थांबवील का, हे मला पाहायचे आहे.

मघाशी काहीजणींनी विचारले, म्हणून जाता जाता सांगते. चप्पल घेताना उलटी करून पाहा. खिळा दिसला तर ठेवून द्या. पहिले आठ दिवस पायाला लागते, तेव्हा अंगठ्याला आणि पट्ट्याला आतून खोबरेल चोळा. करकर वाजते ती चांगली खूण, तिला घाबरू नका. पावसात घालायची नाही, मृगाआधी वर्तमानपत्रात गुंडाळून वर ठेवायची. पावसाळ्यापुरते ते बेडूकतोंडे जोडे खुशाल घाला, मीही घालते.