शाळेतील काचपेटी व गुरामी माशांची निवड

(पाली, जि. बीड येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींच्या मनात असे आले असेल की, ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात माणसांना टँकरची वाट पाहावी लागते, तेथे शोभेच्या माशांची चर्चा कशासाठी? शंका रास्त आहे. म्हणून तिचे उत्तर आधी देतो. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा काचपेटीत ५४ लिटर पाणी मावते. ही आकडेमोड वरच्या वर्गातील मुलांकडूनच करून घ्यावी. पेटी एकदा भरल्यावर आठवड्याला त्यातील दहा-बारा लिटर पाणी बदलावे लागते. काढलेले पाणी वाया जात नाही. माशांच्या विष्ठेमुळे ते परसबागेतील वांगी-मिरचीस सौम्य खताप्रमाणे उपयोगी पडते. म्हणजे बागेला जाणारे बादलीभर पाणी वाटेत वर्गातून जाते, एवढेच. त्या बदल्यात जलवनस्पतींची वाढ, माशांचे श्वसन, घरटे बांधणे, पिल्लांची राखण हे सर्व मुलांना डोळ्यांदेखत पाहावयास मिळते.

आता, गुरामीच का? आपल्या खेड्यांतील शाळांत वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. हवेच्या पंपावर ज्यांचे जीवन अवलंबून, असे मासे आपल्या उपयोगाचे नाहीत. पालीजवळ बिंदुसरेचे धरण आहे. तेथे येणाऱ्या मुलांना मरळ मासा ठाऊक असतो. मरळ मधून मधून पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. गुरामी हा त्याचाच दूरचा भाऊबंद होय. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचा, चक्रव्यूहासारखा एक अवयव असतो. तोंडाने घेतलेल्या हवेतील प्राणवायू तेथे रक्तात मिसळतो. त्यामुळे काही तास पंप बंद राहिला तरी गुरामी तग धरतो. मात्र यावरून त्याला घाण पाणी चालते, असा अर्थ कोणी काढू नये. तसेच पेटी काठोकाठ भरू नये. पाणी व झाकण यांत दोन-तीन बोटे अंतर ठेवावे. हवा घेण्यास वर येऊ न दिल्यास हा मासा पाण्यातही गुदमरून मरतो.

येथवर सोपे आहे. खरी अडचण दुकानात सुरू होते. गुरामी हे एका माशाचे नाव नसून अनेक जातींचे आहे, आणि विक्रीस ठेवलेली पिल्ले बहुधा सारखीच लहान असतात. 'एक निळा, एक लाल, एक सोनेरी द्या,' असे सांगून आपण रंग विकत घेतो आणि घरी मात्र स्वभाव येतो! वर्गात कोणती दोन मुले एका बाकावर बसवू नयेत हे शिक्षकास जसे कळते, तसेच येथे कळावयास हवे. त्यासाठी दुकानदारास तीन प्रश्न विचारावेत : हा मासा केवढा वाढेल? त्याचा स्वभाव कसा? आणि यांत नर किती?

या तीन प्रश्नांच्या कसोटीवर प्रमुख जाती पाहू.

जायंट गुरामी हा खाण्यासाठी पाळला जाणारा मासा असून त्याची लांबी अर्ध्या मीटरच्याही पुढे जाते. पिल्लू कितीही गोजिरवाणे दिसले तरी ते शाळेसाठी घेऊ नये. किसिंग गुरामी हाही मोठा होणारा मासा. दोघे ओठाला ओठ लावतात म्हणून लोक कौतुकाने पाहतात. परंतु ते प्रेम नसून बहुधा प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांचे बळ अजमावण्याची रीत असते. निरीक्षण आणि आपली समजूत यांतील फरक मुलांना सांगण्यास याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. पण ते सांगण्यासाठी मासा आणलाच पाहिजे असे नाही.

ब्लू गुरामी दुकानांतून सर्वत्र दिसतो. सोनेरी म्हणून विकला जाणारा गुरामीही बहुधा याच जातीचा असतो. रंगभेद माणसाने पैदाशीतून घडविलेला आहे. हा काटक खरा, परंतु १२ ते १५ सेंटिमीटर वाढतो, आणि प्रौढ नर लहान पेटीत इतरांना स्वस्थ बसू देत नाही. पर्ल गुरामी आग्नेय आशियातील असून अंगभर मोत्यांसारखे ठिपके असलेला, मोठ्या जातींत त्यातल्या त्यात शांत मासा आहे. मात्र त्याला मीटरभर तरी लांब पेटी हवी.

राहिल्या दोन लहान जाती, आणि त्या दोन्ही आपल्या उपखंडातील आहेत. फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या खोऱ्यातील माशांवर १८२२ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या दोहोंचे वर्णन आहे. पहिला ड्वार्फ गुरामी. नराच्या अंगावर तांबड्या-निळ्या तिरप्या पट्ट्या असतात, मादी रुपेरी व साधी असते. याचे दोन नर एका लहान पेटीत कदापि ठेवू नयेत. एक नर व दोन माद्या हे प्रमाण योग्य, म्हणजे नराचा सारा त्रास एकाच मादीस होत नाही. मोठ्या प्रमाणावर पैदास केलेल्या या माशांत एक विषाणुजन्य रोग आढळतो व त्यावर औषध नाही. म्हणून मलूल, रंग उडालेला किंवा अंगावर व्रण असलेला मासा घेऊ नये. दुसरा हनी गुरामी. हा जेमतेम पाच सेंटिमीटरचा, मधाच्या रंगाचा व भिडस्त असतो. वीण करावयाच्या वेळी नराचा गळा काळसर निळा होतो. ५४ लिटरच्या पेटीत याची चार पिल्ले एकत्र वाढविता येतात. पहिल्यानेच पेटी मांडणाऱ्या शाळेने हनी गुरामीच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका लहान पेटीत गुरामीची एकच जात ठेवावी, हा आजच्या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा समजावा. निरनिराळ्या जातींचे नरही एकमेकांस प्रतिस्पर्धी मानतात. तळ्यात हरलेला मासा दूर निघून जातो. काचपेटीत त्याला जाण्यास जागा नसते. तो कोपऱ्यात दबून राहतो, खात नाही, आणि आठवड्याभरात मरतो. मुले विचारतात, 'गुरुजी, तो का मेला?' या प्रश्नाचे खरे उत्तर 'आपण निवड चुकीची केली' असे देण्याची पाळी येऊ नये, म्हणून एवढा विस्तार केला.

सोबतीसही शांत मासेच हवेत. सहा-आठ रासबोरा किंवा आपल्या देशातीलच पट्ट्यापट्ट्यांचे झेब्रा डॅनिओ चालतील. ते थव्याने राहतात, म्हणून एक-दोन आणू नयेत. टायगर बार्ब आणू नये. गुरामीच्या पोटाखाली दोन लांब धाग्यांसारखे पर असतात व त्यांनी तो आंधळ्याच्या काठीप्रमाणे चाचपत असतो. बार्ब नेमके तेच कुरतडतो. फायटर हा गुरामीचाच चुलत भाऊ व भांडखोर, म्हणून वर्ज्य. गोल्डफिश मोठा होतो, पाणी लवकर गढूळ करतो व रोपे उपटतो. त्याचा संसार निराळाच बरा.

वनस्पती ही शोभा नसून गुरामीचा आडोसा होय. पाठ्यपुस्तकांतून परिचित असलेली हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया ही दोन्ही येथे उत्तम. मागच्या बाजूस दाट लावावीत, पुढे पोहण्यास जागा मोकळी सोडावी. तलावातून आणलेल्या रोपांबरोबर जळवा व चतुरांच्या अळ्या येतात, म्हणून ती नीट धुऊन, काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवून मगच लावावीत. पृष्ठभागावर थोडी तरंगती वनस्पती असावी. तिच्या आधाराने नर तोंडाने बुडबुडे सोडून घरटे रचतो, अंडी त्यात ठेवतो व स्वतः पहारा करतो. त्या काळात तो मादीलाही हाकलतो. तेव्हा दाट रोपेच तिला वाचवितात.

व्यवस्थेचे चार शब्द. पेटी भरून रोपे लावल्यावर मासे आणण्याची घाई करू नये. तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत, म्हणजे विष्ठेतील विषारी अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू वाळूत वाढू लागतात. मासेही एकदम सर्व न आणता थोडे थोडे आणावेत. ब्लीचिंग पावडर टाकलेले पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग वापरावे. बोअरचे पाणी जड असते. ते या माशांच्या अंगवळणी पडते, पण हळूहळू. म्हणून पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवून, तीत पेटीतील पाणी थोडे थोडे मिसळावे. पाण्याचे तपमान २४ ते २८ अंश असावे. पौष-माघातील पहाटे आपल्याकडे पाणी याहून बरेच थंड होते. म्हणून थर्मामीटर व लहान हीटर घ्यावा, आणि वीज नसेल त्या रात्री पेटीभोवती घोंगडी गुंडाळावी. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. खाद्य घालण्याची पाळी फळ्यावर लिहिलेली असावी. नाही तर प्रेमापोटी दहा मुले दहा वेळा घालतील.

सुटीचा विचार पेटी आणण्यापूर्वीच करावा. उन्हाळ्याची सुटी दीर्घ असते. ज्या शाळेत त्या काळात रोज कोणी येणार नाही, तिने मासे आणू नयेत. आणि काहीही झाले तरी नको झालेले मासे धरणात किंवा विहिरीत सोडू नयेत. १९५२ साली आपल्या देशात आणलेला तिलापिया, ज्याला आपल्याकडे चिलापी म्हणतात, तो आज असंख्य तळ्यांत पसरून तेथल्या मूळच्या माशांच्या वाट्याचे खात आहे. सुटका म्हणून केलेली गोष्टही अशी घातक ठरू शकते, हे मुलांना अवश्य सांगावे.

बंधु-भगिनींनो, मुक्या प्राण्याला आपल्या सोयीने बंदिस्त केल्यावर त्याच्या सोयीचा विचार करणे हे आपल्याकडे लागते. काय वाढेल, कोण कोणाशी पटवून घेईल, कोणाला आडोसा लागेल, याचा विचार आधी करून मग प्राणी घरी आणावा, ही सवय मुलांना लागली, तर काचपेटीचा खर्च वसूल झाला असे समजावे.