विशेष मुलांचे उपचार आणि आपले दायित्व

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्याख्यानाचे निमंत्रण मला आले तेव्हा पत्रासोबत एक नकाशा होता. सुवर्णमहोत्सवाचे औचित्य साधून आपल्या ट्रस्टने विशेष मुलांसाठी उपचारकेंद्र उभारण्याचे योजिले आहे, त्या तीन मजली इमारतीचा तो आराखडा. तो पाहून मला अतिशय आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. दोन्हींची कारणे मी आज आपल्यापुढे मोकळेपणाने मांडणार आहे. पाहुण्याने यजमानाच्या नकाशावर बोट ठेवणे शिष्टाचाराला धरून नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु विश्वस्तांनीच मला तशी मुभा दिली आहे.

मी गेली सव्वीस वर्षे सांगली-मिरज परिसरात व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे काम करते. या सभेत व्यापारी मंडळी बरीच असल्याने आधीच खुलासा करते की, मी मुलांना धंदा शिकवीत नाही. लहान मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळणे, जेवणे, कपडे घालणे, लिहिणे, चारचौघांत मिसळणे. या गोष्टी ज्याला वयानुसार जमत नाहीत, त्याला त्या जमाव्यात म्हणून केलेले उपाय म्हणजे व्यवसायोपचार. याच्या जोडीला बोलणे व समजणे यांसाठी वाचोपचार, स्नायू व हालचालींसाठी भौतिकोपचार आणि अभ्यासासाठी विशेष शिक्षक, अशी चार माणसे मिळून एका मुलाचे काम करतात.

ही मुले कोण? कोणाला जन्मतः प्राणवायू कमी पडल्याने, अपुऱ्या दिवसांचा जन्म झाल्याने किंवा तीव्र काविळीने मेंदूचा पक्षाघात झालेला असतो. कोणी स्वमग्न असते, कोणाची बौद्धिक वाढ मंद असते, कोणी क्षणभरही एका जागी स्थिर राहू शकत नाही, तर कोणी सर्व बाबतींत चलाख असूनही वाचता-लिहिताना अडखळते. वर्षाचे बाळ नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, दीड वर्षाचे झाले तरी चालत नसेल वा हवी ती वस्तू बोट दाखवून मागत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, अथवा आलेले बोलणे कोणत्याही वयात हरवले असेल, तर थांबू नये. आधी कानांची तपासणी करावी, मग बालविकास तज्ज्ञांकडे जावे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांच्या तपासणीची आणि जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. या देशव्यापी कार्यक्रमाचा प्रारंभ आपल्या महाराष्ट्रात, पालघर येथे झाला होता.

पण आपण थांबतो. “याचे मामाही उशिराच बोलले”, हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल, त्याची गणती नाही. मामा उशिरा बोलले असतील, परंतु त्या भरवशावर गेलेली दोन-तीन वर्षे हीच मेंदूच्या घडणीची सर्वांत मोलाची वर्षे असतात. थांबण्यामागे दुसरेही एक कारण असते, ते मोठ्याने कोणी बोलत नाही. मुलाचे नाव एकदा का अशा केंद्रात नोंदले गेले, की त्याच्या बहिणीच्या लग्नात अडचण येईल! मग ते मूल समारंभांना येत नाही, मंदिरात येत नाही, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाते. ज्या मुलाला माणसांत वावरण्याचा सराव सर्वाधिक हवा, त्याचा तो सराव आपण घरातच बंद करून टाकतो.

आणि एक गोष्ट मी अत्यंत नम्रपणे बोलते. कर्मसिद्धांताविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. येथे त्याचे जाणकार बसले आहेत. परंतु ज्या आईला नातेवाईक सांत्वन म्हणून “पूर्वकर्माचे फळ आहे” असे सांगतात, ती आई माझ्यासमोर मान खाली घालून बसते आणि पुढचे सहा महिने मुलापेक्षा तिच्यावरच मला अधिक काम करावे लागते. आपल्या परंपरेत आहार, औषध आणि ज्ञान यांच्या बरोबरीने अभयदानही सांगितले आहे. त्या आईला त्या क्षणी त्याचीच गरज असते.

आता प्रत्यक्ष उपचारात काय घडते ते सांगते, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो निव्वळ खेळ वाटतो. मूल झोक्यावर पालथे झोपून पुढे-मागे होते आणि जमिनीवरचे ठोकळे उचलून टोपलीत टाकते. यात मान व पाठ यांचे बळ, तोल, नजर आणि हात यांचा मेळ, सारे एकदम घडत असते. पेन्सिल धरता येत नाही म्हणून आलेल्या मुलाला आम्ही पुष्कळ दिवस पेन्सिल देतच नाही. खांदा आणि मनगट स्थिर नसेल, तर बोटे काय करणार? वाचोपचार तज्ज्ञ मुलाच्या आवडीचा खाऊ घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवतात आणि स्वस्थ बसून राहतात. मुलाने पाहिले, हात धरला, आवाज काढला, की लगेच डबा उघडतो. संवाद केल्याने काही मिळते, हा धडा तेथे सुरू होतो. घरी मात्र प्रेमळ आजी मुलाने मागण्यापूर्वीच खाऊ हातात ठेवते! न बोलणाऱ्या मुलाला चित्रांची कार्डे दिली तर ते आळशी होईल आणि कधीच बोलणार नाही, अशी भीती पालकांना असते. ती निराधार आहे. चित्रांनी बोलणे अडत नाही, उलट अनेकांना त्याची मदतच होते.

अध्ययन अक्षमतेविषयी थोडे विस्ताराने बोलते, कारण ही मुले प्रत्येक शाळेत असतात आणि त्यांना ‘आळशी’ हे विशेषण हमखास मिळते. 1896 साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला वाचता येत नव्हते. त्याच्या शिक्षकांचे मत असे, की सारे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत पुढे राहिला असता. मी हे प्रथम वाचले तेव्हा मला आपल्याच पाठशाळेतील एक मुलगा आठवला. भक्तामर स्तोत्राचे श्लोक केवळ ऐकून त्याने मुखोद्गत केले होते, पण तेच पुस्तक समोर ठेवले की पहिली ओळही त्याला लागत नसे. आपल्या लिपीत अशा मुलांची गल्लत घ आणि ध, भ आणि म यांच्यात होते. वेलांटी कोणती द्यावी ते सुचत नाही, जोडाक्षर आले की गाडी थांबते. अमेरिकेतील ग्रेस फर्नाल्ड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा मुलांना शब्द बोटाने गिरवीत, मोठ्याने उच्चारीत शिकविण्याची पद्धत रूढ केली. आम्ही वाळूच्या ताटात अक्षर गिरवून घेतो, तेव्हा जुन्या पिढीतील आजोबा हसतात आणि म्हणतात, “ही तर आमची धूळपाटी!” खरेच आहे ते. मात्र या मुलांना ती इतरांपेक्षा फार अधिक काळ, क्रमाक्रमाने आणि न रागावता द्यावी लागते.

महाराष्ट्रात 1996 पासून या मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, काही विषयांना पर्याय इत्यादी. ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट 2007 च्या डिसेंबरात आला आणि त्यानंतर काही महिने आमच्याकडे पालकांची रांग लागली होती, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य अपंगत्वांची संख्या सातावरून एकवीसवर नेली आणि त्यात स्वमग्नता व अध्ययन अक्षमता यांचा समावेश झाला. परंतु सवलत म्हणजे उपचार नव्हे. दहावीच्या वर्षी प्रमाणपत्रासाठी धावपळ करणारे पालक मला दिसतात. तेच तिसरीत आले असते, तर मुलाने मधली सात वर्षे स्वतःला ‘ढ’ समजण्यात घालविली नसती.

आता मी माझ्या स्वतःच्या एका चुकीकडे वळते. सुमारे 2004 ची गोष्ट. कवठेमहांकाळ तालुक्यातील एका खेड्यातून एक आई मेंदूचा पक्षाघात झालेल्या तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आठवड्यातून दोनदा माझ्याकडे येत असे. मी मुलाला आत घेई, ती बाहेर बाकावर बसे, पंचेचाळीस मिनिटांनी मी मूल तिच्या स्वाधीन करी. मूल चांगले साथ देत होते. पाच महिन्यांनी ती येईनाशी झाली. मी फायलीत लिहिले, “पालकांचे असहकार्य.” दोन वर्षांनी ती मला मिरजेच्या बाजारात भेटली. मी काहीशा रागानेच विचारले, “ताई, तुम्ही मध्येच का सोडले?” ती म्हणाली, “बाई, एका खेपेला दोन गाड्या बदलाव्या लागायच्या. त्या दिवसाचा रोजगार बुडायचा. आणि घरी काय करायचं, ते तुम्ही कधी सांगितलंच नाही.”

त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला. मूल दिवसाकाठी बारा तास जागे धरले, तर आठवड्याचे चौऱ्याऐंशी तास होतात. माझे त्यांतले दीड. उरलेले साडेब्याऐंशी तास त्या आईचे होते आणि मी तिला बाकावर बसवून ठेवले होते. मूल आता पाच वर्षांचे झाले होते, त्याचे पाय आखडू लागले होते. फायलीतील ती ओळ मी खोडली, पण त्या मुलाची दोन वर्षे मला परत देता आली नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे आई, आजी, जे कोणी मुलाला सांभाळते, ते आतच बसते. कणीक मळणे, शेंगा फोडणे, मटार सोलणे, दोरीवर कपड्यांना चिमटे लावणे, ही सगळी बोटांची कामे आम्ही घरासाठी लिहून देतो. पायांत ताण असलेल्या मुलाला कसे उचलावे, मांडीवर कसे बसवावे, भरवताना मान कशी धरावी, हे आईकडून स्वतः करवून घेतो. महागड्या साधनांपेक्षा याचा उपयोग अधिक होतो, असा माझा अनुभव आहे.

साधनांचा विषय निघालाच आहे, तर ट्रस्टकडे येणाऱ्या वैद्यकीय मदतीच्या अर्जांविषयीही बोलते. स्वमग्नतेवर मूळपेशींच्या इंजेक्शनांचा उपचार करून देतो, अशा आश्वासनावर कुटुंबे दागिने मोडतात आणि उरलेल्या रकमेसाठी ट्रस्टचा दरवाजा ठोठावतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने 2022 साली, स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले आहे. असा अर्ज आला तर कृपया मंजूर करू नका, परंतु अर्जदाराला रिकाम्या हातानेही परत पाठवू नका. त्याच रकमेत त्या मुलाला कित्येक वर्षे नियमित उपचार मिळू शकतात. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असणाऱ्यांना तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि त्यात उपचारसत्रांच्या खर्चाचाही विचार आहे. तिचे अर्ज भरून देणारा एक कार्यकर्ता ट्रस्टने नेमला, तरी मोठे काम होईल.

आता नकाशाकडे येते. त्यात जलोपचारासाठी हौद आहे, परदेशी दिव्यांची एक खोली आहे, दर्शनी भागात देणगीदारांच्या नावांची संगमरवरी भिंत आहे. जे मला सापडले नाही, ते म्हणजे वेतनाची तरतूद. आपल्या भागात सुसज्ज इमारत असून कुलूप लागलेली केंद्रे मी पाहिली आहेत. वाचोपचार तज्ज्ञ वर्षभरात शहराकडे निघून जातात, कारण पगार वेळेवर होत नाही. मुलाला माणसाची सवय लागते न लागते तोच माणूस बदलतो आणि स्वमग्न मुलाच्या बाबतीत मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

म्हणून माझी विनंती अशी. पाठशाळा सायंकाळी भरते. सकाळी नऊ ते दुपारी एक तिच्या तळमजल्यावरील दोन खोल्या बंद असतात. पायऱ्या दोनच आहेत, तेथे उतार करता येईल. यंदा त्याच खोल्यांत केंद्र सुरू करावे. जमलेल्या निधीतून चार तज्ज्ञांचे किमान तीन वर्षांचे वेतन ठेव म्हणून बाजूला काढावे. विशेष शिक्षक व वाचोपचार तज्ज्ञ नेमताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी अवश्य पाहावी. बाहेरगावहून येणाऱ्या आईला गाडीभाडे आणि बुडालेल्या रोजगाराची काही भरपाई द्यावी. 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले आहे, तरी रोजगार बुडतोच. इमारतीचा विचार तीन वर्षांनी करावा. तोवर कोणत्या खोल्या खरोखर लागतात, ते तेथे काम करणारी माणसेच सांगतील. यात संगमरवरी भिंत राहणार नाही, याची मला कल्पना आहे. विश्वस्तांपैकी एकांनी मला काल विचारले, “मग देणगीदाराचे नाव कोठे घालायचे?” त्यांना मी अजून उत्तर दिलेले नाही.

वेळ संपत आला आहे, तेव्हा येथेच थांबते. व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरे आहेत, परंतु या विषयावर सभेत उभे राहून विचारणे किती कठीण असते, ते मी जाणते. दाराजवळ एक पेटी ठेवली आहे, कागद-पेन्सिलही आहे. आपला प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्यात टाकावा, मुलाचे वय तेवढे लिहावे. नाव लिहिण्याची आवश्यकता नाही. मी उद्या दुपारपर्यंत पाठशाळेच्या त्याच तळमजल्यावर बसणार आहे. ज्यांना मुलाला घेऊन यायचे असेल, त्यांनी घेऊन यावे.