म्हसवडचा अंगठा, हाँगकाँगचं खातं

परदेशी पैशांची ने-आण करणाऱ्या कंपन्यांचे केवायसी अधिकारी परिषदेला मुंबई सोडून म्हसवडला का आले, असा प्रश्न पाहुण्यांपैकी काहींना वाटेत पडला असेल. माणसाची ओळख कशी पटवायची, हा वाद या गावाचा रिझर्व्ह बँकेशी कधीचाच घालून झाला आहे. त्या वादाच्या गावी स्वागत समिती सर्वांचं मनापासून स्वागत करते.

नव्वदच्या दशकात इथल्या बायांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण प्रवर्तक निरक्षर. सहीच्या जागी अंगठे. बँकेच्या संस्थापिका चेतना गाला सिन्हा हिरमुसल्या, बाया मात्र अक्षरं गिरवायला बसल्या. पुढे त्या रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही मुद्दलाचं व्याज विचारा, तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करू द्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

आता सहीची जागा कॅमेऱ्याने आणि ठसे वाचणाऱ्या यंत्राने घेतली. खुरपं धरून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या बाईला यंत्र ओळखत नाही, आणि ज्याला पापणी मिटता येत नाही त्याला मोबाइल जिवंत मानत नाही. ॲसिडहल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीनांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल केवायसी सर्वांना जमेल अशी करा, असा आदेश दिला. तो देण्याची वेळ यावी, हेच नवल.

मग चोर तरी अडतात का? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून रोकड निघाली. आपल्या शेजारच्या कोल्हापुरातूनही पैसे निघाले. शिवाय जवळपास चौदा कोटी स्विफ्टवरून हाँगकाँगच्या एका बँकेत, एका व्यापारी कंपनीच्या खात्यात गेले. असं खातं उघडताना मालक कोण, धंदा काय, एवढे पैसे कुठून येणार, हे विचारणं म्हणजेच या पाहुण्यांचं रोजचं काम.

नियम आता पुरेसे कडक आहेत. ३१ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने सीमापार पेमेंट ॲग्रिगेटर थेट रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली आले. बँक नसलेल्या कंपन्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी सक्तीची झाली आणि एका वस्तू किंवा सेवेमागे २५ लाखांची मर्यादा आली. त्याआधी पेपाल ‘आम्ही फक्त तंत्रज्ञान पुरवतो’ म्हणत कोर्टात गेली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तिला झालेला ९६ लाखांचा दंड रद्द केला, पण मनी लाँडरिंग कायद्यातून काही सोडलं नाही! या कायद्याचा संबंध आपल्या भागाशीही येतो: आटपाडी-खानापूरचे गलाईवाले देशभर सोनं गाळतात. दहा लाख किंवा त्याहून जास्त रोखीसाठी सोन्याचे व्यापारीही २०२० पासून याच कायद्यात आहेत.

केवायसी पुन्हा तपासण्याची मुदत जास्त जोखमीच्या ग्राहकाला दोन वर्षं, मध्यम जोखमीला आठ, कमी जोखमीला दहा. हिशेब शहाणपणाचा आहे. प्रत्यक्षात मात्र मुलाने आखातातून पाठवलेल्या पैशांसाठी आईलाच शाखेत खेपा घालाव्या लागतात, आणि भाड्याने दिलेलं खातं कागदोपत्री चोख असल्यामुळे सुटतं. जून २०२५ पासून बँक मित्रालाही गावात केवायसी अद्ययावत करून देता येते. त्याला संशयास्पद व्यवहार ओळखायला कोण शिकवणार आणि त्याचा पगार कोण देणार, यावर पहिलं सत्र आहे. पाहुण्यांनी तिथे माणदेशीच्या दारोदार फिरणाऱ्या प्रतिनिधींच्या शेजारी बसावं, ही समितीची विनंती.