साधनांची विविधता

नवी दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर माक्स म्युलर भवन व ब्रिटिश कौन्सिल या संस्था आहेत. परकी भाषा शिकू इच्छिणाऱ्यास केवळ पाठ्यपुस्तक पुरत नाही. उच्चार कानांनी ऐकावे लागतात, लिहिलेले तपासून घ्यावे लागते आणि चुकतमाकत बोलावेही लागते. भाषेला लागू पडणारे हे तत्त्व इतर विषयांनाही लागू पडते.

भारत सरकारने ९ जुलै २०१७ रोजी सुरू केलेल्या 'स्वयम्' या ऑनलाइन अध्ययनमंचाची रचना याच तत्त्वावर झाली आहे. तेथील अभ्यासक्रमाची चार अंगे आहेत : दृक्श्राव्य व्याख्यान, वाचनीय मजकूर, स्वयंमूल्यमापनाच्या चाचण्या आणि चर्चा. व्याख्यान विषयाची गोडी लावते. मजकूर थांबून पुन्हा वाचता येतो. चाचणीने आपले अज्ञान आपणास कळते. चर्चेत शंका फिटतात. एकाचे कार्य दुसऱ्याने होत नाही. म्हणून व्याख्यानच छापून मजकूर म्हणून जोडणे ही विविधता नव्हे. ती पुनरुक्ती होय.

साधन विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणेही तितकेच महत्त्वाचे आहे. जेथे इंटरनेट क्षीण असते, तेथे लांबलचक चित्रफितीपेक्षा उतरवून घेता येणारी चार पाने अधिक उपयोगी ठरतात. 'स्वयम्'बरोबरच 'स्वयम् प्रभा'च्या ३२ दूरचित्रवाणी वाहिन्याही उपग्रहामार्फत सुरू करण्यात आल्या, यामागेही हीच जाणीव होती.

तेव्हा नवे साधन जोडण्यापूर्वी अध्यापकाने एकच प्रश्न विचारावा : याच्यावाचून कोणता विद्यार्थी मागे राहिला असता? उत्तर सापडत नसेल, तर ते साधन न जोडलेलेच बरे.