नाव बाईचं, चावी कुणाची?

(वसई-विरारमधील महिलांच्या स्वयंरोजगार शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



समाजकार्य शिकलेली बाई जुन्या गाड्यांच्या धंद्यावर काय बोलणार, असं तुमच्यातल्या काहींना वाटलं असेल. बरोबर आहे. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला चॅसिस नंबर कुठे असतो ते कुणी शिकवलं नाही. ते मी शिकले आपल्या सल्ला केंद्राच्या टेबलापाशी आणि आरटीओच्या रांगेत.

मागच्या शिबिरात आपण नेहमीची यादी केली होती. पापड, मसाले, शिवणकाम, ब्युटी पार्लर. यादी संपता संपता मागच्या रांगेतून एकीनं हात वर केला. म्हणाली, "ताई, मला जुन्या गाड्या घ्यायचा-विकायचा धंदा करायचाय." बऱ्याच जणी हसल्या. ती मात्र गंभीर होती. हायवेवरच्या एका गाडीबाजारात ती सात वर्षं हिशेब लिहीत होती. कुठली गाडी आठवड्यात जाते आणि कुठली तीन महिने धूळ खाते, हे तिला मालकापेक्षा जास्त ठाऊक होतं. मग तिनं पुढचं सांगितलं. "मिस्टर म्हणतात, कर्ज तुझ्या नावावर काढू, फर्मही तुझ्या नावावर करू. तू फक्त सह्या कर, बाकी मी बघतो. यात वावगं काय आहे, ताई?"

आजचं माझं बोलणं हे तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी एक दुसरी गोष्ट सांगते. आपल्या केंद्रात एक बाई कोर्टाची नोटीस घेऊन आली. अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा होता. ज्या गाडीनं अपघात झाला ती तिनं जन्मात चालवलेली नव्हती. नवऱ्यानं कधीतरी तिच्या नावावर घेतली, कधीतरी विकूनही टाकली. पैसे घेतले, चावी दिली, पण आरटीओत नाव बदललंच नाही. विमाही संपलेला. नवरा म्हणाला, "गाडी विकली, आता आपला काय संबंध?"

संबंध असतो. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केलं. त्या प्रकरणातली गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी कित्येक हात फिरली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. न्यायालय म्हणालं, मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीनं मालक तोच ज्याचं नाव नोंदणीत आहे. अपघातात सापडलेल्या माणसानं गाडीच्या खऱ्या मालकाच्या शोधात दारोदार फिरायचं का? म्हणून जबाबदारी नोंदणीकृत मालकाची. निकाल जखमीच्या बाजूनं आहे आणि तो योग्यच आहे. पण त्याचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. कागदावर आपलं नाव आहे, तोवर देणंही आपलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, अडाणी बायकांचं असं होतं. तर माझंच ऐका. आमची जुनी वॅगन-आर आम्ही एका दलालाला विकली. त्यानं फॉर्म २९ आणि फॉर्म ३० पुढे केले. खरेदीदाराचं नाव, तारीख, सगळं कोरं. "मॅडम, गिऱ्हाईक मिळालं की भरतो." मी दुसऱ्यांना "न वाचता सही करू नका" असं सांगत गावोगाव फिरणारी बाई, आणि मी निमूट सह्या केल्या. पुढे दीड वर्ष त्या गाडीची अतिवेगाची चलनं माझ्या मोबाइलवर येत राहिली. गाडी कुणाकडे होती, काय वाहत होती, मला पत्ता नव्हता. चलनं आली एवढ्यावरच निभावलं.

म्हणून धंदा करायचा तर या कोऱ्या फॉर्मच्या धंद्यात पडायचं नाही, ही पहिली गोष्ट. कायदा असं सांगतो की राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत. पण मधल्या व्यापाऱ्याला गाडी स्वतःच्या नावावर करायची नसते. खर्च वाढतो आणि गाडीच्या पुस्तकावर एक मालक वाढला की किंमत उतरते. त्यामुळे कोऱ्या सह्यांवर गाड्या फिरत राहायच्या. यावर केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये नवे नियम काढले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यानं आरटीओकडे फॉर्म २९ए भरून अधिकारपत्र घ्यायचं, ते ५ वर्षं चालतं. मालकानं गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी ऑनलाइन भरून तसं कळवायचं. तिथून पुढे त्या गाडीची जबाबदारी विक्रेत्याची. विक्रेत्यानं ती रस्त्यावर काढायची ती फक्त गिऱ्हाइकाला चालवून दाखवायला, दुरुस्तीला, रंगकामाला किंवा तपासणीला, आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. लेकीच्या लग्नाला वापरायची नाही, दिराला सुट्टीत द्यायची नाही.

हा नियम सचोटीनं धंदा करणारीच्या फायद्याचा आहे. आपल्याकडे एमएच-४८ पासिंगची गाडी विकायला येणाऱ्या माणसाला तुम्ही सांगू शकता, "दादा, गाडी माझ्याकडे सोडलीत की त्या दिवसापासून तुमच्या डोक्याचा ताप गेला. हा घ्या कागद." लोक अशा ठिकाणी गाडी आणतात.

आता भांडवल. मुद्रा कर्जाचं नाव सगळ्यांनी ऐकलंय. २०१५ साली ही योजना आली. ५० हजारांपर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण. तारण लागत नाही. पण तारण नाही म्हणजे परतफेड नाही असं समजून पुष्कळ संसार बुडाले आहेत. एक हिशेब मांडू. समजा, गाडी २ लाखांना घेतली आणि २ लाख ३० हजारांना विकली. सुटले ३० हजार. टायर आणि रंगकामाचे गेले १२ हजार. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर बसतो. जानेवारी २०२५ पासून सगळ्याच जुन्या गाड्यांना तो १८ टक्के झाला. रंगकामाचा खर्च त्या फरकातून वजा होत नाही. म्हणजे ३० हजारांवर ५,४०० रुपये. राहिले १२,६००. आता ही गाडी जून ते ऑगस्ट उभी राहिली आणि २ लाखांवर वर्षाला १२ टक्के व्याज आहे, तर आणखी ६ हजार गेले. उरले ६,६००. जागेचं भाडं आणि पोऱ्याचा पगार अजून द्यायचाच आहे.

म्हणून सुरुवात 'पार्क अँड सेल'नं करा असं मी सांगते. गाडी मालकाची, जागा आपली, विकली गेली की आपलं कमिशन. पैसा अडकत नाही. पण करार लेखी हवा: किती दिवस, किती कमिशन, मध्ये गाडीला काही झालं तर कोण जबाबदार. अधिकारपत्र आणि फॉर्म २९सी इथेही चुकवायचे नाहीत, गाडी आपल्या आवारात उभी आहे एवढं पुरेसं आहे.

गाडी पारखायची कशी? अर्नाळ्याची मावशी पापलेट घेताना कल्ले उघडून बघते की नाही? तसंच. वरची चकाकी बघायची नाही. जुलै २०१८ मध्ये आपल्या वसई-नालासोपाऱ्यात पाणी शिरलं, लोकल बंद पडल्या, ते दिवस सगळ्यांना आठवतात. सोसायट्यांच्या आवारात गाड्या सीटपर्यंत पाण्यात होत्या. अशी गाडी धुऊन पुसून बाजारात येते आणि पुढे वर्षभरात तिची वायरिंग सडते. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा, आत मातीची रेघ दिसेल. गालिचा उचला, सीटखालच्या रुळांवर गंज आहे का बघा. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. एसी लावून वास घ्या. मीटर ४० हजार किलोमीटर दाखवतोय आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर मीटर मागे फिरवलेला आहे. चॅसिस आणि इंजिन नंबर पुस्तकाशी स्वतः ताडून बघा. चोरीची गाडी ती चोरीची आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला सबळ कारण असताना घेतली, तर भारतीय न्याय संहितेच्या ३१७ कलमाखाली तो गुन्हा आहे. पुस्तकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ आल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत. थकलेली चलनं आधी बघायची.

आणि गाडी चालवायला शिका. स्वतःच्या धंद्यातली गाडी हलवायला दुसऱ्याला हाक मारावी लागली, तर धंदा त्याचा होतो.

अडचणी येतात. गिऱ्हाईक आत येतं, तुम्हाला बघतं आणि विचारतं, "साहेब कुठायत?" मेकॅनिक तुमच्याशी बोलता बोलता तुमच्या मागे उभ्या असलेल्या पोऱ्याकडे बघून उत्तर देतो. संध्याकाळी एकटं गिऱ्हाईक म्हणतं, चला, गाडी चालवून बघू. त्याला नियम ठेवा: लायसन्सची प्रत घेतल्याशिवाय नाही, अंधार पडल्यावर नाही, एकटीनं नाही. यात भित्रेपणा नाही. पुरुष व्यापाऱ्यांनीही पाळावा असा हा नियम आहे.

आता घरातला विषय. नवऱ्यावर संशय घ्या असं मी सांगत नाही. दोघांनी मिळून उभे केलेले चांगले धंदे याच वसईत आहेत. पण एकटीच्या नावावरची फर्म असेल तर तिचं सगळं देणं तुमचं वैयक्तिक देणं आहे. भागीदारी असेल तरी १९३२ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक भागीदार पूर्ण देण्याला बांधलेला असतो. अर्धं नाव म्हणजे अर्धी जबाबदारी असं नाही. तेव्हा बँकेचं खातं कोण चालवतं, मोबाइलवरचा ओटीपी कुणाकडे येतो, वही कोण लिहितं, हे आधी ठरवा. भांडवलासाठी दागिने मोडले तर त्याची लेखी नोंद ठेवा. ते स्त्रीधन आहे. ते काढून घेणं, त्याची परस्पर विल्हेवाट लावणं, हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ मानला आहे.

एक शेवटचं, जे तुमच्या टेबलापाशी नक्की येईल. नवरा वारल्यावर महिना-दोन महिन्यांत दीर वहिनीला घेऊन येतो, "गाडी विकायचीय, ही सही करेल." तिची मान खाली. तेव्हा दोन मिनिटं तिला एकटीला बसवा, चहा द्या, आणि विचारा, "तुला विकायचीय का?" मालक वारल्याचं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि फॉर्म ३१ भरून तीन महिन्यांत नाव बदलून घ्यायचं असतं. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं त्या गाडीवर बायको, मुलं आणि सासू यांचा हक्क असतो. ते असताना दिराचा नसतो. आपल्या ख्रिस्ती भगिनींना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मुलं असतील तर बायकोचा एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांचं. ती विकायला राजी असेल तर विका, पण पैसे तिच्या खात्यात जातील असं बघा. एक सौदा हातचा गेला तरी चालेल. बायकांनी या धंद्यात यावं असं मला वाटतं, ते या दोन मिनिटांसाठी.

त्या मागच्या रांगेतल्या मैत्रिणीचं काय झालं, ते सांगते. ती आज इथे बसलेली आहे, नाव सांगत नाही. तिनं नवऱ्याला उत्तर दिलं, "सह्या मी करणार असेन तर वही, खातं आणि चाव्यांची पेटीही माझ्याकडे." पंधरा दिवस घरात अबोला होता. मग तोच एक दिवस म्हणाला, "बरं, मी रंगकामाचं बघतो." तीन गाड्यांवर सुरुवात केली, सगळ्या पार्क अँड सेल. पहिल्या पावसाळ्यात एकच गाडी गेली. दिवाळीत चार गेल्या. श्रीमंत झालेली नाही. पण मागच्या महिन्यात एक माणूस आत आला आणि त्यानं विचारलं, "साहेब कुठायत?" तेव्हा तिचा नवरा हातातला पॉलिशचा बोळा खाली ठेवून म्हणाला, "त्या काय, समोर बसल्यात."

आता तुमचे प्रश्न विचारा. आणि ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी आज घरी गेल्यावर एवढंच करा: गाडीचं पुस्तक काढा आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते वाचा.