उसन्या विरजणाचा हिशेब



आजचा विषय वाचून काहींना वाटले असेल की, हा संगणक-अभियंत्यांचा घरगुती प्रश्न; त्याचे व्याख्यानमालेत काय काम? परंतु आपल्या घरोघरची मुलेमुली आज हिंजवडीला नाहीतर बंगळूरला हाच व्यवसाय करीत आहेत. आणि आपण ज्या बँकेत पैसे ठेवतो, तिचा कारभारही असल्याच आज्ञावलींवर चालतो. तेव्हा प्रश्न आपलाही आहे.

ह्या आज्ञावली नोकरदार अभियंते सगळ्याच्या सगळ्या स्वतः लिहितात काय? नाही. त्यांतला पुष्कळसा भाग तिऱ्हाइतांनी लिहून जगासाठी खुला ठेवलेला असतो. त्याला मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. ती उचलावी की नाही, कोणाला विचारून उचलावी, ह्याचे नियम प्रत्येक कचेरी करते. हे नियम कसे असावेत, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

पहिली गोष्ट ही की, खुले म्हणजे बेवारशी नव्हे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाची आज्ञावली आज वाङ्मयीन कृतीतच मोडते. लेखकाची परवानगी नसेल, तर ती नुसती समोर दिसते म्हणून घेता येत नाही. ही परवानगी परवानापत्राने मिळते, आणि परवान्यांच्या जाती वेगवेगळ्या आहेत. एमआयटी परवाना म्हणतो, माझे नाव आणि हे परवानापत्र सोबत ठेवा, मग हवे ते करा. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८९ साली पुढे आणलेला जीपीएल परवाना मात्र विरजणासारखा आहे. शेजारणीकडून विरजण आणून घरच्या घरी दही खाल्ले, तर कोणी काही विचारीत नाही. पण तेच दही दुसऱ्याला द्याल किंवा विकाल, तर ते कसे लावले हे घेणाऱ्याला सांगितले पाहिजे आणि त्यातून पुढे विरजण देण्याची मोकळीक त्यालाही ठेवली पाहिजे.

ही अट कागदावरची नव्हे. लिंक्सिस ह्या कंपनीचे डब्ल्यूआरटी५४जी नावाचे घरगुती राउटर पुष्कळ खपले. २००३ साली सिस्को ह्या बड्या कंपनीने लिंक्सिसच विकत घेतली. त्याच वर्षी बाहेरच्या जाणकारांनी दाखवून दिले की, त्या यंत्रात लिनक्स आहे. लिनक्स जीपीएलखाली येते. आणि मूळ आज्ञावली ग्राहकांना दिलेली नाही. ती कंपनीला खुली करावी लागली. तरीही तक्रारी राहिल्या. डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा लावला, आणि २००९ मध्ये तडजोड होऊन लिंक्सिसच्या परवान्यांवर देखरेखीसाठी एक अधिकारी नेमण्याचे कंपनीने कबूल केले. मालकांना नियम का हवेसे वाटतात, ते ह्यावरून कळेल.

पण नियम हवेत म्हणून कसलेही नियम चालत नाहीत. समजा, एखाद्या मुलीला तारखांचा हिशेब करणारी लहानशी आज्ञावली हवी आहे. काम आठवड्यात द्यावयाचे आहे. अर्ज मात्र कायदा खात्यात तीन महिने पडून राहतो. ती काय करील? एक तर सारे स्वतः लिहील, आणि जगाने वीस वर्षांपूर्वी सुधारलेल्या चुका पुन्हा करील. नाहीतर मुकाट्याने उचलील आणि कोठे लिहून ठेवणार नाही. आडमुठ्या नियमाने उसनवारी थांबत नाही, उसनवारीची नोंद तेवढी थांबते. आणि खरा धोका तेथेच आहे.

अमेरिकेतील इक्विफॅक्स ही कंपनी लोकांच्या पतीची माहिती ठेवते. तिच्या यंत्रणेत अपाचे स्ट्रट्स ही मुक्तस्रोत आज्ञावली होती. तिच्यातील दोषाची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये फुकट उपलब्ध झाली. अठ्ठेचाळीस तासांत दुरुस्ती करा, असा कंपनीतून हुकूमही निघाला. परंतु ही आज्ञावली आपल्याकडे कोठे कोठे बसवली आहे, ह्याची पुरती यादीच नव्हती. मे महिन्यात चोर आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख माणसांची माहिती गेली. नियम होता, हुकूम होता, वही नव्हती.

म्हणून माझे म्हणणे असे. कचेरीने कोणते परवाने बिनदिक्कत चालतील, कोणते विचारून आणि कोणते मुळीच नाहीत, हे आधीच लिहून टांगावे. विचारणाऱ्याला ठरल्या मुदतीत उत्तर देणारा एक जबाबदार माणूस नेमावा. आणि घेतलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवावी: काय घेतले, कोणती आवृत्ती, कोठे बसवली. सरळ वाट आडवाटेपेक्षा सोपी केली, तर माणसे सरळ वाटेनेच जातात.

शेवटी परतफेडीविषयी. नोकरीच्या कामात लिहिलेल्याचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरीवर ठेवणाराच असतो, असे आपला कायदा सांगतो. त्यामुळे उसन्या आज्ञावलीतला दोष आपण दुरुस्त केला, तरी ती दुरुस्ती मूळ लेखकाला कळवावयास धन्याची परवानगी लागते. पुष्कळ ठिकाणी ती मिळत नाही. हे कृतघ्नपणाचे आहेच, शिवाय घातकही आहे. एक्सझेड ही जगभर वापरली जाणारी आज्ञावली एका दमलेल्या स्वयंसेवकाच्या खांद्यावर होती. मदतनीस म्हणून आलेल्या, टोपणनावाच्या कोणीतरी तिच्यात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड ह्या मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्याला संगणकात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्याने खोदून पाहिले, आणि जाहीर सांगितले. एका पगारदार माणसाला असे पाहण्याची आणि सांगण्याची मोकळीक होती, म्हणून पुढचा अनर्थ टळला.

आपली मुले परगावाहून घरी येतील, तेव्हा पगार किती, हे आपण विचारतोच. त्याबरोबर एवढेही विचारावे, की बाळा, उसने काय आणतोस, लिहून ठेवतोस का, आणि परत काय देतोस?